ठाणे-नवी मुंबईतून अंतराळचित्रे : खगोलछायाचित्रण आणि संगणकीय ॲनिमेशनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात खगोलछायाचित्रण शिकू पाहणारे, तसेच अंतराळातील दृश्ये संगणकावर उभी करू पाहणारे, यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही दोन कामे वेगवेगळी मानण्याची पद्धत आहे. परंतु कॅमेऱ्याने टिपलेले चित्र शेवटी संगणकावरच घडते आणि संगणकावर रचलेले दृश्य कोणत्या तरी दुर्बिणीने घेतलेल्या मोजमापांवर उभे राहते, म्हणून दोन्हींचा विचार एकाच ठिकाणी केला आहे. चित्रात मोजलेले किती आणि रंगवलेले किती, हा मुद्दा त्यामुळे पुढे अनेकदा येईल.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या गच्चीतून रात्री जेमतेम दहा-पंधरा तारे दिसतात. येथून तेजोमेघांची, म्हणजे अंतराळातील वायू-धुळीच्या उजळ ढगांची, छायाचित्रे खरोखर निघतात का?

निघतात, मात्र सर्वच गोष्टींची सारखी चांगली निघत नाहीत. आकाश किती काळे आहे हे सांगण्यासाठी हौशी निरीक्षक बॉर्टल श्रेणी वापरतात. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या या नऊ पायऱ्यांच्या श्रेणीत ठाणे, वाशी, नेरूळ हा सगळा पट्टा आठव्या-नवव्या पायरीवर, म्हणजे सर्वांत उजळ टोकाला येतो. चंद्र आणि ग्रह यांना या उजेडाने काहीही फरक पडत नाही, कारण ते स्वतःच आकाशापेक्षा पुष्कळ तेजस्वी असतात. मृग नक्षत्रातील एम४२ हा तेजोमेघ आणि कृत्तिकांसारखे तारकागुच्छ शहरातूनही चांगले येतात. देवयानी दीर्घिकेचा गाभा सहज मिळतो, परंतु तिचे आकाशात सहा पूर्णचंद्रांएवढे लांब पसरलेले फिकट बाहू मिळवताना दमछाक होते.

शहराचा उजेड नंतर संगणकावर वजा करता येतो असे पुष्कळांना वाटते, आणि ते अर्धेच खरे आहे. उजेडाची सरासरी पातळी वजा होते. पण प्रकाश कणाकणाने येत असल्यामुळे त्या पातळीत जो यादृच्छिक चढउतार असतो, ज्याला आपण नॉइज म्हणतो, तो वजाबाकीनंतरही चित्रातच राहतो आणि मंद भाग नेमके त्याच्याखाली बुडतात. यावर मुख्य उपाय म्हणजे जास्त वेळ प्रकाश गोळा करणे. काळ्या आकाशाखाली एका तासात जे मिळते त्यासाठी ठाण्याच्या गच्चीवर अनेक रात्री द्याव्या लागतात, एवढे आधीच मान्य केले की पदरी निराशा येत नाही.

सुरुवातीला मोबाईल पुरेल का?

चंद्रासाठी आणि ठळक नक्षत्रांसाठी पुरतो, बाकी दुधाची तहान ताकावर भागवल्यासारखे होते. मोबाईल ट्रायपॉडवर घट्ट बसवावा, प्रो मोडमध्ये फोकस अनंतावर ठेवावा आणि शटर टायमरने उघडावे. चंद्राचा फोटो घेताना मोबाईलचे सॉफ्टवेअर आपल्या मनाने तपशील घालत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. काही मोबाईल तसे करतात. पैसे खर्च करायचेच असतील तर नव्या दुर्बिणीपेक्षा जुना, वापरलेला डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची लेन्स हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. स्वतःच लक्ष्य शोधून फोटो घेणाऱ्या आणि जागीच ते एकत्र करणाऱ्या स्मार्ट दुर्बिणी अलीकडे लोकप्रिय झाल्या आहेत. सीस्टार एस५० ही त्यातली एक, ५० मिलिमीटर व्यासाची आणि २५० मिलिमीटर नाभीय अंतराची (फोकल लेंग्थची). कृत्तिका किंवा एम४२ दाखवून घरातल्या मंडळींना थक्क करण्यासाठी ती उत्तम आहे; परंतु छायाचित्रण शिकायचे असेल तर सगळे काम यंत्रावर सोपवण्यात अर्थ नाही.

शटर किती सेकंद उघडे ठेवावे?

पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात आणि शटर जास्त वेळ उघडे राहिले की ठिपक्यांच्या रेघा होतात. साध्या ट्रायपॉडसाठी चालत आलेला आडाखा असा : ५०० या संख्येला लेन्सच्या नाभीय अंतराने भागावे, आणि सेन्सर लहान असल्यास क्रॉप फॅक्टरनेही, म्हणजे तो पूर्ण आकाराच्या सेन्सरपेक्षा किती पट लहान आहे त्या आकड्यानेही, भागावे. किट लेन्स १८ मिलिमीटरवर आणि क्रॉप फॅक्टर १.५ असेल तर उत्तर साडेअठरा सेकंदांच्या आसपास येते. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरांना हा आडाखा सैल पडतो, म्हणून ५०० च्या जागी ३०० धरावे. ठाण्यात मात्र त्याआधीच आकाश पांढरे पडू लागते; पडद्यावरील हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतील उजेडाच्या आलेखाचा, उंचवटा डावीकडून पाव-एक अंतरावर आला की थांबावे, हा नियम येथे अधिक उपयोगी पडतो.

इक्वेटोरियल माउंट घेतले आहे, पण बाल्कनी दक्षिणेकडे आहे आणि ध्रुवतारा दिसत नाही. माउंट कसे जुळवायचे?

इक्वेटोरियल माउंट म्हणजे ताऱ्यांबरोबर फिरणारा कॅमेऱ्याचा आधार; त्याचा अक्ष पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे ध्रुवताऱ्याच्या दिशेने ठेवावा लागतो. आपले अक्षांश सुमारे १९ अंश, म्हणून ध्रुवताराही क्षितिजापासून १९ अंशच वर असतो आणि समोर सात मजली इमारत असली तरी झाकला जातो. जुनी पद्धत ड्रिफ्टची आहे : दक्षिणेकडचा, खगोलीय विषुववृत्ताजवळचा एक तारा घेऊन तो दहा मिनिटांत वर सरकतो की खाली ते पाहायचे आणि माउंटची दिशा थोडीथोडी सुधारत जायचे. वेळखाऊ आहे, पण अचूक आहे. लॅपटॉप जोडलेला असेल तर नीना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकाशातील कोणत्याही तीन ठिकाणांचे फोटो घेऊन, त्यांतील तारे ओळखून, अक्षाची चूक सांगणारी सोय आहे आणि तिला ध्रुवतारा लागत नाही.

दक्षिणेकडे बाल्कनी असल्याचे दुःख मुळीच करू नये. ओमेगा सेंटॉरी हा आकाशातील सर्वांत भव्य गोलाकार तारकागुच्छ एप्रिल-मेमध्ये आपल्या दक्षिणेला २३ अंशांपर्यंत वर येतो, आणि आकाशगंगेचा गाभा तर ४० अंशांच्या वर चढतो. लंडन-बर्लिनच्या हौशी मंडळींना त्यातला पहिला कधीच दिसत नाही आणि दुसरा क्षितिजाला घासून जातो.

स्टॅकिंग म्हणजे नेमके काय केले जाते?

एकाच लक्ष्याचे अनेक फोटो ताऱ्यांवरून एकमेकांवर अचूक बसवून त्यांची सरासरी काढली जाते. वस्तूचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, नॉइज मात्र दर वेळी वेगळा पडतो, त्यामुळे सरासरीत वस्तू टिकते आणि नॉइज विरतो. हिशेब वर्गमुळाचा आहे : ४ फोटोंनी चित्र दुप्पट स्वच्छ होते, १०० फोटोंनी दहापट, आणि म्हणून शंभराचे दोनशे केले तरी फार फरक दिसत नाही, चारशे करावे लागतात. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

सोबत दोन प्रकारचे जोडफोटो घ्यावेत. लेन्सवर झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांचे, तेवढ्याच तापमानाला घेतलेले डार्क फोटो सेन्सरचे स्वतःचे दोष सांगतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात सेन्सर तापतो, तेव्हा ते फारच महत्त्वाचे ठरतात. एकसारख्या उजेडाच्या पांढऱ्या पृष्ठभागाचे फ्लॅट फोटो धुळीचे डाग आणि कोपऱ्यांतील काळोख दुरुस्त करतात. लेन्सवर पांढरा सुती कपडा ताणून पहाटेच्या आकाशाकडे रोखले तरी फ्लॅट मिळतात. फ्लॅट घेण्याचा कंटाळा केलेला फोटो नंतर कितीही घासला तरी डाग राहतोच.

फोटोंमधून जाणारी विमाने आणि कृत्रिम उपग्रह यांची चिंता स्टॅकिंगमुळे कमी होते, कारण एखाद्याच फोटोत आलेली रेघ सॉफ्टवेअर सिग्मा क्लिपिंगने, म्हणजे बाकीच्या फोटोंपासून फार वेगळे पडणारे आकडे गाळून, वगळते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुरू झाली असल्याने उलवे-पनवेलच्या बाजूला राहणाऱ्यांनी या सोयीचा हात सोडू नये.

फिल्टर घेतल्याने शहराचा उजेड अडतो का?

रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा साधे फिल्टर बरेच काम करीत, कारण तो प्रकाश थोड्याच तरंगलांबींत एकवटलेला असे. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश संपूर्ण वर्णपटावर पसरतो, आणि त्याला वेचून अडवणे शक्य नाही. याउलट चमकणाऱ्या वायूचे तेजोमेघ मोजक्याच रेषांमध्ये प्रकाशतात : हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा आणि ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची हिरवट निळी रेषा या त्यांत प्रमुख. त्यामुळे तेवढ्याच दोन फटी उघड्या ठेवणारा ड्युअल-बँड फिल्टर ठाण्याच्या आकाशात खरोखर कमाल करतो. दीर्घिका मात्र ताऱ्यांच्या सर्वरंगी प्रकाशाने उजळलेल्या असतात; त्यांच्यासाठी हा खर्च वाया जातो. आणखी एक अडचण अशी की साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे बसवलेला फिल्टर हायड्रोजनचा बहुतेक तांबडा प्रकाश अडवतो. तो बदलून घ्यावा किंवा खगोलासाठीच केलेला कॅमेरा वापरावा.

गुरू आणि शनी अस्पष्ट, थरथरते येतात. काय चुकते?

बहुधा तुमचे काही चुकत नाही. हवा हलत असते. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि शेजारच्या इमारतींचे एसी त्यात भर घालतात. म्हणून ग्रहांचा एक फोटो न घेता व्हिडिओ घ्यावा, आणि त्याच्या हजारो फ्रेममधून स्थिर क्षणांच्या तेवढ्या फ्रेम ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरने निवडाव्यात. गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांहून लांब व्हिडिओत त्याचे पट्टे पुसट होतात. वाऱ्याची झुळूक असलेल्या लख्ख रात्रींपेक्षा किंचित धुरकट पण स्तब्ध रात्री ग्रहांसाठी पुष्कळदा बऱ्या ठरतात, हे नवशिक्यांना पटायला वेळ लागतो.

सूर्याचे छायाचित्रण करायचे असल्यास सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या टोकालाच बसवलेला हवा. नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) बसणारे छोटे फिल्टर उष्णतेने तडकतात आणि डोळा कायमचा जातो.

काळ्या आकाशासाठी कोठे जावे?

येऊरचा विचार सर्वांच्या मनात प्रथम येतो. परंतु ते राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेले बिबट्यांचे रान आहे, वनहद्दीत रात्री थांबता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना शहर असल्याने आकाशही काळे नाही. कर्जत मार्गावरील वांगणी हे मुंबईच्या आकाशनिरीक्षकांचे जुने ठिकाण असून लोकलने जाता येते, मात्र बदलापूर वाढत गेल्याने तेथील क्षितिजही उजळत चालले आहे. गाडी असेल तर मुरबाडच्या पुढे, टोकावडे-माळशेजच्या दिशेने जावे. तेथूनही पश्चिमेला महानगराचा उजेड दिसतोच, पण पूर्व आणि दक्षिण बाजू बऱ्या असतात. रात्र अमावास्येच्या आसपासची निवडावी आणि कोणाच्याही शेतात उभे राहण्याआधी मालकाला विचारावे. १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुन उल्कावर्षाव हे अशा सहलीचे उत्तम निमित्त आहे.

छायाचित्रांतील रंग खरे असतात का? हबल आणि वेब या अंतराळ दुर्बिणींची चित्रे पाहून शंका येते.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येत नाही. १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने टिपलेले गरुड तेजोमेघातील 'निर्मितीस्तंभ' घ्या. त्यात गंधकाचा प्रकाश तांबड्या, हायड्रोजनचा हिरव्या आणि ऑक्सिजनचा निळ्या रंगात दाखवला आहे. हायड्रोजनची ती रेषा डोळ्याला मुळात तांबडीच दिसते, गंधकाचीही तांबडीच. दोन्ही तांबड्याच ठेवल्या असत्या तर कोणता वायू कोठे आहे हे कळलेच नसते. रंग येथे नकाशातल्या रंगांसारखे वाटून दिलेले आहेत, पण कोठे किती प्रकाश आहे हे मात्र मोजलेले आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी प्रक्षेपित झालेली जेम्स वेब दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते, जो डोळ्याला दिसतच नाही. त्यातील लांब तरंगांना तांबडा आणि आखूड तरंगांना निळा रंग देण्याची प्रथा आहे, म्हणजे निदान क्रम तरी निसर्गाचाच राहतो. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या, एम८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराच्या चित्रातील केशरी रंग तर पूर्णपणे निवडलेला आहे, कारण निरीक्षण १.३ मिलिमीटरच्या रेडिओ तरंगांचे होते.

म्हणून माझ्या मते "रंग खरे का?" असे न विचारता "रंग कशाला दिला आहे?" असे विचारावे. स्वतःचे चित्र मांडतानाही कोणता फिल्टर कोणत्या रंगात दाखवला, एकूण किती तासांचा प्रकाश गोळा केला आणि कोठून, या तीन गोष्टी खाली लिहाव्यात.

अंतराळाचे ॲनिमेशन शिकायचे आहे. सुरुवात कशापासून करावी?

चंद्रापासून करावी, आणि ब्लेंडर या त्रिमितीय दृश्ये रचण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करावी. चंद्र यासाठी की त्याचे मोजमाप उत्कृष्ट आहे आणि आपले चुकले तर खिडकीतून पाहून ताबडतोब कळते. नासाच्या दृश्यांकन विभागाने त्रिमितीय कलाकारांसाठी चंद्राचे रंगचित्र आणि उंचसखलपणाचा नकाशा, दोन्ही मोफत ठेवले आहेत. त्यांमागील मोजमापे लूनार रिकनिसन्स ऑर्बिटर या यानाची आहेत. उंचीच्या नकाशाच्या एका प्रतीत आकडे किलोमीटरमध्ये, १७३७.४ किलोमीटर त्रिज्येच्या संदर्भाने दिलेले आहेत. ब्लेंडरमध्ये गोलाची त्रिज्या १ ठेवली तर एक किलोमीटर म्हणजे सुमारे ०.०००५८, आणि डिस्प्लेसमेंटच्या, म्हणजे पृष्ठभाग वरखाली करणाऱ्या सोयीच्या, स्केलमध्ये हाच आकडा भरायचा असतो. तो भरल्यावर डोंगर फारच बुटके वाटतात आणि नवशिका लगेच दहापट वाढवतो. वाढवू नये. चंद्राच्या सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागांत जेमतेम २० किलोमीटरचा फरक आहे. विवरे उठून दिसतात ती उंचीमुळे नव्हे, तिरप्या उन्हाच्या सावल्यांमुळे. सूर्य बाजूला न्यावा, की तोच सपाट गोल बोलू लागतो.

प्रकाशयोजनेतही हेच पथ्य पाळावे. अंतराळात दिवा एकच, तो म्हणजे सूर्य, आणि हवा नसल्याने सावलीत उजेड झिरपत नाही. ब्लेंडरमधील सूर्यदिव्याचा कोन मुळातच ०.५२६ अंश ठेवलेला असतो, जो पृथ्वीवरून आणि चंद्रावरून दिसणाऱ्या सूर्यबिंबाचा आहे. गुरूच्या उपग्रहाचे दृश्य करताना तो ०.१ अंशावर आणावा, म्हणजे सावल्यांच्या कडा योग्य तेवढ्या धारदार होतात. चंद्राची माती नेहमीच्या मॅट पृष्ठभागासारखी वागत नाही : पौर्णिमेचे बिंब कडेलाही जवळजवळ तेवढेच उजळ, थाळीसारखे दिसते, तर संगणकाचा साधा गोल कडेला काळवंडतो. डिफ्यूज शेडरची, म्हणजे पृष्ठभाग प्रकाश कसा विखुरतो हे ठरवणाऱ्या सोयीची, रफनेस (खडबडीतपणा) वाढवल्यास हा फरक बराच कमी होतो. उन्हात न्हालेल्या चंद्रभूमीमागे दाट तारे दाखवायचे की नाही, हा मात्र तुमचा निर्णय. खऱ्या कॅमेऱ्याला एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही दिसत नाहीत.

अंतराळातील दृश्ये संगणकाच्या मदतीने उभी करण्याची परंपरा जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-पिएर ल्युमिने यांनी १९७९ मध्ये कृष्णविवराभोवतीची तबकडी कशी दिसेल याचे गणित संगणकाकडून करून घेतले आणि चित्र हाताने, शाईच्या ठिपक्यांनी काढले. त्याच सुमारास जिम ब्लिन अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत व्हॉयेजर यानांच्या ग्रहभेटींची ॲनिमेशन करीत होते. दोघांकडेही आजच्या साध्या लॅपटॉपएवढीही ताकद नव्हती.

दहा सेकंदांच्या ॲनिमेशनला किती वेळ लागतो?

सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर २५० फ्रेम होतात, आणि प्रत्येक फ्रेमला दोन मिनिटे लागली तर रेंडर, म्हणजे संगणकाने अंतिम चित्रे तयार करण्याचे काम, आठ तास वीस मिनिटांचा होतो. रेंडर थेट व्हिडिओ फाईलमध्ये कधीही करू नये. प्रत्येक फ्रेमचे वेगळे चित्र साठवावे, म्हणजे पहाटे वीज गेली तरी उरलेल्याच फ्रेम कराव्या लागतात.

मी काढलेल्या तेजोमेघाच्या फोटोत कॅमेरा आत शिरतो आहे असे दाखवता येईल का?

येईल. सिरिलसारख्या सॉफ्टवेअरला जोडता येणाऱ्या स्टारनेट या साधनाने तारे आणि तेजोमेघ वेगळे करावेत. मग ताऱ्यांना त्यांच्या खऱ्या अंतरावर ठेवावे. युरोपच्या गाया यानाने सुमारे १८० कोटी ज्योतींची नोंद केली असून त्यांतील बहुतेकांचे पॅरॅलॅक्स (ज्यावरून अंतर काढतात ते ताऱ्याचे किंचित सरकणे) मोफत उपलब्ध आहेत. असे केल्यावर एम४२ भोवतीचे किती तरी तारे प्रत्यक्षात त्याच्या पुढे किंवा खूप मागे आहेत हे दिसते, आणि ते दृश्य मनाने विखुरलेल्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी बोलके होते. वायूच्या ढगाची खोली मात्र सपाट फोटोत नसते. ती तुम्ही कल्पनेने देणार, आणि तसे श्रेयनामावलीत लिहावे.

टॉवरच्या मागे प्रचंड मोठा चंद्र दाखवणारे फोटो खोटे असतात का?

काही खरे असतात, आणि पडताळणी सोपी आहे. चंद्रबिंब आकाशात साधारण अर्धा अंश व्यापते. चार किलोमीटरवरच्या इमारतीपाशी अर्ध्या अंशात सुमारे ३५ मीटर, म्हणजे बारा मजले बसतात. ऐरोलीच्या खाडीकिनाऱ्यावरून पौर्णिमेच्या पहाटे मुलुंड-भांडुपच्या टॉवरांमागे मावळणारा चंद्र टेलिलेन्सने घेतला तर तो बारा मजल्यांएवढा दिसणे रास्तच आहे. शंभर मीटरचा टॉवर चंद्रबिंबात पूर्ण बसवायचा तर सुमारे साडेअकरा किलोमीटर दूर जावे लागेल. पण समोरच्या रस्त्यावरची झाडे ठळक दिसत असताना चंद्र अख्ख्या इमारतीएवढा असेल, तर दोन फोटो जोडलेले आहेत. जोडण्यात गैर काही नाही. एकच फोटो म्हणून खपवण्यात आहे. चंद्रकोरीच्या काळ्या भागात तारा चमकताना दिसला तर मात्र पुढे तपासायची गरजच उरत नाही.

एआयने केलेली अंतराळचित्रे चालतील का?

कथेच्या मुखपृष्ठाला चालतील. छायाचित्र म्हणून नाही, कारण त्यांत काहीच मोजलेले नसते. ओळखण्यासाठी ताऱ्यांभोवतीचे किरण पाहावेत : हबलच्या चित्रात ते चार असतात, वेबच्या चित्रात सहा ठळक आणि दोन बारीक, भिंगाच्या साध्या दुर्बिणीत असे किरण येतच नाहीत. एआयच्या चित्रात पुष्कळदा एकाच चौकटीत तिन्ही नांदतात.

नासा, ईसा (युरोपची अंतराळसंस्था), इस्रो यांची चित्रे वापरता येतात का?

नासाची बहुतेक चित्रे स्वामित्वहक्कमुक्त असतात, बोधचिन्ह मात्र वापरता येत नाही. युरोपच्या हबल संकेतस्थळावरील चित्रे श्रेय देण्याच्या अटीवर वापरता येतात. चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यांचे विदा (डेटा) इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. त्यांच्या अटी वाचूनच वापर करावा.

सोसायटीची परवानगी लागते का?

गच्चीची चावी सेक्रेटरींकडे असते, त्यामुळे लागतेच. एकदा त्यांच्या नातवंडांना शनीची कडी दाखवली की पुढचा पत्रव्यवहार सहसा वाचतो. वॉचमनला मात्र दर वेळी सांगावे. रात्री दोन वाजता गच्चीवर लाल टॉर्च फिरताना पाहून खालच्या मजल्यावरचे लोक त्यालाच जाब विचारतात. तारे दाखवण्यासाठी हिरवा लेझर वापरू नये, विमानांच्या वाटेखाली तर मुळीच नाही.

जून ते सप्टेंबर आकाशच दिसत नाही. तेव्हा काय करावे?

पावसाळा हा फोटोंच्या संस्करणाचा (प्रोसेसिंगचा) आणि ॲनिमेशनचा हंगाम आहे. हिवाळ्यात साठवलेले फोटो नव्याने स्टॅक करावेत. तेच फोटो वर्षभराच्या सरावानंतर वेगळेच उघडतात. स्टेलेरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आपल्या बाल्कनीतून दिसणाऱ्या क्षितिजाचा आराखडा भरून ऑक्टोबरपासूनची लक्ष्ये ठरवावीत. लेन्स आणि नेत्रिका मात्र कपाटात कापडात गुंडाळून ठेवू नयेत, आपल्या दमट हवेत त्यांच्यावर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवाव्यात, आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरावे; तो तवा पोळ्यांसाठी मात्र पुन्हा घेऊ नये.